जिंकणाऱ्यांनी काय ठेवलं? कोर्दोबाच्या मशिदीची बाराशे वर्षं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन शेवटी दिले आहेत.)

मागच्या वेळी आपण दमास्कसच्या उमय्यद मशिदीपाशी थांबलो होतो. आज तिथूनच निघायचं आहे, पण पोचायचं आहे पार युरोपच्या पश्चिम टोकाला, दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात. अरब लोक या शहराला कुर्तुबा म्हणत. तिथे ग्वादलक्विवीर नदीच्या काठावर एक वास्तू आहे. आत शिरलात की खांबच खांब दिसतात, आज शिल्लक आहेत ते ८५६. त्यांच्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी, एकावर एक अशा दोन. त्या कमानींच्या रांगांमधून चालत गेलं की मधोमध अचानक उजेड पडतो, छत एकदम उंच जातं आणि आपण सोळाव्या शतकातल्या एका भल्यामोठ्या चर्चमध्ये उभे असतो. म्हणजे मशिदीच्या पोटात कॅथेड्रल.

एखाद्या जुन्या वास्तूचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "मूळची कोणाची?" प्रश्न चुकीचा नाही, इतिहासाच्या माणसाने तो विचारायलाच हवा. पण तेवढ्यावर थांबलं की वास्तूचं पुढचं सगळं आयुष्य आपल्या नजरेतून सुटतं. म्हणून आज मी एक वेगळा प्रश्न घेऊन आलोय. ही वास्तू जेव्हा जेव्हा नव्या माणसाच्या ताब्यात गेली, तेव्हा त्याने काय ठेवलं, काय पाडलं, आणि का?

पळून आलेला राजपुत्र

दमास्कसच्या उमय्यद खलिफांची सत्ता ७५० साली अब्बासींनी उलथवली आणि त्या घराण्यातली माणसं शोधून शोधून मारली. त्यातून विशीतला एक राजपुत्र वाचला, अब्दुल रहमान. जुन्या वृत्तांतांत सांगतात की पाठलाग चुकवायला त्याने धाकट्या भावासह युफ्रेटिस नदीत उडी घेतली. भाऊ अर्ध्यातून मागे फिरला आणि मारला गेला. हा पोहून पलीकडे गेला आणि काही वर्षं उत्तर आफ्रिकेत वणवण करून स्पेनमध्ये उतरला. ७५६ साली लढाई जिंकून त्याने कोर्दोबा ताब्यात घेतलं आणि पुढे बत्तीस वर्षं राज्य केलं.

या माणसाचं मन सीरियात अडकलेलं होतं. कोर्दोबाबाहेर त्याने बाग आणि वाडा बांधला, त्याला नाव दिलं रुसाफा. सीरियातल्या त्याच्या आजोबांच्या राजवाड्याचंच ते नाव. आयुष्याच्या शेवटी शेवटी, ७८५ च्या सुमारास, त्याने मशीद बांधायला घेतली.

आता "मूळची कोणाची" हा प्रश्न इथेही आहेच, तो टाळत नाही. जुन्या अरबी वृत्तांतांत अशी हकीकत येते की या जागी सेंट व्हिन्सेंटचं चर्च होतं. अरब आल्यावर मुसलमान आणि ख्रिश्चनांनी ते अर्धं-अर्धं वाटून घेतलं, आणि पुढे अब्दुल रहमानने ख्रिश्चनांना पैसे देऊन त्यांचा अर्धा भाग विकत घेतला. आता गंमत बघा, वाटून घेतलेल्या चर्चची अशीच हकीकत आपण मागच्या वेळी दमास्कसबद्दल ऐकली होती. तपशिलांचं इतकं साम्य पाहून अभ्यासक सावध होतात. दमास्कसची कथा कोर्दोबाला चिकटवली का, अशी शंका घ्यायला जागा आहे. जमिनीखाली मशिदीपूर्वीच्या काळातले अवशेष सापडले आहेत, पण ते नेमके कशाचे यावर पुरातत्त्वज्ञांमध्ये अजून वाद चालू आहे. आधी तिथे काहीतरी होतं हे नक्की. त्यापलीकडे ठामपणे बोलणारा माणूस पुराव्याच्या पुढे धावतोय, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

आखूड खांबांची अडचण

बांधकाम सुरू झालं तेव्हा गवंड्यांपुढे एक साधी अडचण होती. खांब नवे घडवायचे नव्हते. आसपासच्या रोमन आणि व्हिजिगॉथ काळातल्या इमारतींचे जुने खांब उचलून आणायचे होते. ते तयार मिळत होते, दगड उत्तम होता, पण प्रत्येकाची लांबी वेगळी, आणि मुख्य म्हणजे ते आखूड होते. एवढं मोठं दालन आखूड खांबांवर उभं केलं तर छत डोक्यावर येणार, आत कोंदट अंधार होणार.

त्यावर त्यांनी जी युक्ती काढली ती आजही लोक मान वर करून बघतात. खांबाच्या डोक्यावर त्यांनी दगडी चौकोनी स्तंभ चढवला आणि वर दुसरी कमान नेली. खालची कमान घोड्याच्या नालाच्या आकाराची. ती मोकळी, तिच्यावर भिंत नाही. तिचं काम खांबांना एकमेकांशी बांधून ठेवणं, म्हणजे ते झुकणार नाहीत. वरची कमान अर्धगोल आणि खालचीपेक्षा जाड. छताचं वजन ती घेते. लाल पट्टा विटांचा, पांढरा दगडाचा. जुने रोमन जलसेतू असेच कमानीवर कमान चढवून बांधलेले होते आणि स्पेनमधल्या मेरिदा गावी तसा एक आजही उभा आहे. कोर्दोबाच्या गवंड्यांनी ही पद्धत तिथून उचलली असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

आणि एक गोष्ट खालून कोणाला दिसत नाही. वरच्या कमानीवरची ती जाड भिंत कशासाठी? छत सपाट नाही. खांबांच्या दोन रांगांमधल्या प्रत्येक पट्ट्याला स्वतःचं उतरतं छप्पर आहे. दोन छपरांच्या मधे, त्या भिंतीच्या डोक्यावरून, पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ जाते. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पन्हळ तुंबली की पाणी आत, आणि पाणी आत आलं की लाकूड गेलं. ही पन्हळ लक्षात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

तीनदा वाढली

शहर वाढलं, नमाजाला जागा पुरेना. नवव्या शतकात दुसऱ्या अब्दुल रहमानने मशीद दक्षिणेकडे, नदीच्या दिशेने वाढवली. मग ९२९ साली तिसऱ्या अब्दुल रहमानने स्वतःला खलिफा जाहीर केलं आणि पुढे नवा उंच मिनार बांधला. त्याचा मुलगा दुसरा अल-हकम हा पुस्तकवेडा राजा. त्याने ९६० च्या दशकात मशीद आणखी दक्षिणेकडे नेली.

मक्केची दिशा दाखवणारा जो कोनाडा असतो, मिहराब, तो या अल-हकमच्या भागात आहे, आणि तो नुसता कोनाडा नाही, अष्टकोनी छोटी खोलीच आहे. त्याच्या कमानीभोवती सोनेरी काचतुकड्यांची नक्षी आहे. ती करायला अल-हकमने कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिश्चन बादशहाकडे कारागीर मागितला. बादशहाने कारागीर पाठवला, सोबत काचेचे तुकडेही पाठवले, आणि स्थानिक माणसं त्याच्या हाताखाली ती कला शिकली, असं अरबी वृत्तांत सांगतात. दमास्कसची मशीद सजवतानाही तिथल्या खलिफाने असंच केल्याचं सांगितलं जाई. दोनशे वर्षं उलटून गेली तरी घराण्याची आठवण गेली नव्हती.

आणखी एक जागा सांगतो. या मशिदीची मिहराबाची भिंत दक्षिणेकडे झुकलेली आहे. कोर्दोबाहून मक्का मात्र त्या मानाने बरीच पूर्वेला येते. आपल्या पूर्वजांच्या दमास्कसच्या मशिदीची दिशा त्यांनी राखली, असं काही जण म्हणतात. काही म्हणतात, शहराच्या जुन्या रोमन रस्त्यांना समांतर बांधली. अल-हकमच्या काळात या चुकीची चर्चा झाली होती. पण वाडवडील ज्या दिशेला तोंड करून उभे राहिले तीच ठेवा, असं लोकमत पडलं आणि भिंत हलली नाही. म्हणजे जुनं तसंच ठेवण्याचा पहिला मोठा निर्णय मुसलमानांनीच आपल्या वाडवडिलांबाबत घेतलेला आहे.

तिसरी वाढ अल-मन्सूरची, ९८७ सालची. हा खलिफा नव्हता. खलिफाच्या नावाने कारभार चालवणारा वजीर होता, म्हणजे खरी सत्ता त्याच्या हातात. दक्षिणेला नदी आली होती, जागा संपली होती. म्हणून त्याने पूर्वेकडे खांबांच्या आठ रांगांचे पट्टे जोडले. अकराचे एकोणीस झाले आणि मिहराब मध्यभागी राहिला नाही. जवळ जाऊन बघितलं तर आणखी एक फरक कळतो. त्याच्या कमानींमधले लाल पट्टे विटांचे नाहीत, दगडावर दिलेला रंग आहे. घाई म्हणा, काटकसर म्हणा. एकूण वास्तू झाली साधारण १८० मीटर लांब आणि सव्वाशे मीटर रुंद.

घंटा आणि राजवाडा

याच अल-मन्सूरने ९९७ साली उत्तरेत स्वारी करून सांतियागो दे कोम्पोस्तेला हे ख्रिश्चनांचं मोठं तीर्थक्षेत्र लुटलं. तिथल्या चर्चच्या घंटा त्याने ख्रिश्चन कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणवल्या आणि मशिदीत उलट्या टांगून दिवे म्हणून वापरल्या, अशी नोंद आहे. बरोबर २३९ वर्षांनी, १२३६ च्या २९ जूनला, कास्तिलचा राजा तिसरा फर्डिनंड कोर्दोबात शिरला. त्याने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावर देऊन परत सांतियागोला धाडल्या. इतिहासात हिशेब असेही चुकते केले जातात. खांदे मात्र दोन्ही वेळा हरलेल्या गरिबांचे.

इतका राग धुमसत होता. मग फर्डिनंडने मशीद पाडली असेल ना? नाही पाडली. पाणी शिंपडून, प्रार्थना म्हणून तिचं चर्च केलं, सेंट मेरीच्या नावाने. खांब तसेच, कमानी तशाच, मिहराब तसाच.

हे ठेवण्यामागे केवळ मनाचा मोठेपणा होता असं समजू नका. एवढी इमारत पाडून नवी बांधायला पैसा लागतो, तो नव्हता. आणि जिंकलेली वास्तू उभी असली की जिंकल्याची खूण रोज डोळ्यांसमोर राहते. पण ठेवायचं म्हटल्यावर दुरुस्ती आली, आणि ती कला ज्यांच्या हातात होती ते गवंडी-सुतार मुसलमान होते. म्हणून १२६३ साली दहाव्या आल्फोन्सो राजाने हुकूम काढला की कोर्दोबातल्या मुसलमान गवंड्यांनी आणि सुतारांनी वर्षातले दोन दिवस या चर्चच्या डागडुजीचं काम करायचं. वेठच होती ती. पण आजोबांच्या मशिदीची छपरं नातवांनी चर्च म्हणून शाकारली, हेही त्यातलं एक सत्य. पुढच्या शतकात राजांच्या दफनासाठी आत एक शाही चॅपल बांधलं. ख्रिश्चन राजांचं थडगं, पण गिलाव्यातली नक्षी अस्सल अंदलुसी पद्धतीची. त्यांना ती परक्यांची वाटत नव्हती. देखणं काम असंच असतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

आता याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. तिसऱ्या अब्दुल रहमानने कोर्दोबापासून सात-आठ किलोमीटरवर मदिनत अल-झहरा नावाचं आख्खं राजनगर उभारलं होतं. संगमरवर, कारंजी, दरबार. ते आज अवशेषांत आहे. कोणी पाडलं? फर्डिनंड यायच्या सव्वादोनशे वर्षं आधी, १०१० च्या सुमारास, खलिफांच्या राज्यात यादवी माजली, तेव्हा मुसलमान फौजांनीच ते लुटलं आणि जाळलं. मग शतकानुशतकं आसपासचे लोक त्याचा दगड नेत राहिले. जागाच विसरली गेली, आणि पद्धतशीर उत्खनन सुरू व्हायला १९११ साल उजाडलं.

एकाच घराण्याच्या दोन वास्तू. धर्मशत्रूच्या हाती गेलेली उभी आहे. स्वधर्मीयांच्या भांडणात सापडलेली गेली, कारण नंतर तिचा उपयोग कोणालाच नव्हता. वास्तू टिकवायला प्रेमापेक्षा वापर जास्त लागतो, असं म्हणायचा मोह होतो.

१५२३ चं भांडण

पण वापरणारेच वास्तू मोडतातही. सोळाव्या शतकात बिशप आलोन्सो मानरिकेने ठरवलं की मशिदीच्या मधोमध खांब काढून नव्या पद्धतीचं उंच कॅथेड्रल बांधायचं. यावर विरोध कोणी केला? मुसलमानांनी नाही. त्यांच्यापुढे तोवर धर्म बदला नाहीतर देश सोडा एवढाच पर्याय ठेवलेला होता. विरोध केला कोर्दोबाच्या नगरसभेने. सगळी ख्रिश्चन माणसं. मे १५२३ मध्ये त्यांनी दवंडी पिटवली की जो गवंडी, जो मजूर या पाडकामाला हात लावेल त्याला देहदंड. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे पाडाल ते पुन्हा तसं बांधता येणार नाही. काही घराण्यांची आतली थडगी आणि चॅपलं हलतील, ही काळजीही त्यात होतीच. चर्चने उलट नगरप्रमुखाला बहिष्कृत केलं. प्रकरण सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेलं आणि त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला.

चार्ल्स तेव्हा कोर्दोबाला आलेला नव्हता. तो १५२६ मध्ये आला, आणि तिथे जे पाहिलं ते पाहून हळहळला, म्हणाला की कुठेही दिसेल असं काहीतरी बांधायला तुम्ही जगात एकमेव असलेलं मोडलंत, अशी आख्यायिका आहे. समकालीन पुरावा नाही, पण गोष्ट इतकी चपखल आहे की प्रत्येक वाटाड्या ती सांगतो. तो जे सांगत नाही ते मी सांगतो. हाच चार्ल्स तिथून ग्रॅनडाला गेला आणि अल्हाम्ब्राच्या आवारात त्याने स्वतःसाठी नवा राजवाडा बांधायला घेतला. हळहळ आणि हातोडा एकाच माणसाकडे असू शकतात.

आता वास्तुविशारद एर्नान रुईझची बाजू. कॅथेड्रलचं काम त्याने सुरू केलं, मग त्याच्या मुलाने चालवलं, पुढे नातवापर्यंत पोचलं, आणि १६०७ मध्ये पुरं झालं. या लोकांनी जेवढी जागा लागली तेवढेच खांब काढले. शक्य तिथे जुन्या कमानी नव्या भिंतींत सामावून घेतल्या. वादळाने मिनाराचं नुकसान झालं तेव्हा नातवाने तो पाडला नाही, त्याच्याभोवती घंटाघर बांधून काढलं. जुना मिनार आजही आत आहे, बी असते फळात तसा. पाडणाऱ्यांच्या हातातही एक संकोच होता, तो मला महत्त्वाचा वाटतो.

आज काय?

१८८२ साली स्पेनने हिला राष्ट्रीय स्मारक ठरवलं. नंतर वेलास्केझ बोस्को या वास्तुविशारदाने मागच्या काळात चढवलेली चुन्याची छतं उतरवून जुन्या नक्षीची लाकडी छतं पुन्हा केली. मघाशी सांगितलेलं १९११ चं उत्खनन सुरू करणारा माणूसही हाच. १९८४ मध्ये वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली.

भांडण मात्र संपलेलं नाही. २००६ मध्ये तिथल्या धर्मप्रांताने ही वास्तू स्वतःच्या नावे मालमत्ता-नोंदणीत चढवली, खर्च आला तीस युरोच्या आसपास. त्यावर मोठा गदारोळ झाला. बाराशे वर्षांच्या वास्तूचा सातबारा एवढ्यात? पाटीवर "मशीद-कॅथेड्रल" लिहायचं की नुसतं "कॅथेड्रल", यावरही वाद झाले. मुसलमानांना आत नमाज पढायची परवानगी नाही. आपल्या उपखंडातला एक माणूस मात्र १९३३ साली तिथे गेला होता, कवी इक्बाल. त्यांनी तिथे प्रार्थना केली आणि मशिदीवर एक दीर्घ उर्दू कविता लिहिली. ती इतकी वाचली गेली की कोर्दोबा कधी न पाहिलेल्या लाखो लोकांच्या मनात ती वास्तू कायमची उभी राहिली.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.

प्रश्न: कॅथेड्रल आत बांधलं म्हणूनच मशीद वाचली, असं म्हणता येईल का?

म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. बिशपचं मुख्य चर्च आत असल्यामुळे देखभालीला कायम माणसं आणि पैसा मिळाला. पण १२३६ ते १५२३ अशी जवळजवळ तीनशे वर्षं मधला भाग न पाडताही ती चर्च म्हणून चाललीच होती. त्यामुळे "पाडणं भागच होतं" हे काही पटत नाही. नगरसभेलाही तेव्हा पटलं नव्हतं, आणि ती माणसं तर त्याच चर्चमध्ये गुडघे टेकणारी होती.

प्रश्न: मग शेवटी ती कोणाची? तुमचं मत सांगा.

कागदावरची मालकी ठरवायला स्पेनची न्यायालयं आहेत, तिथे माझं मत कोणी विचारणार नाही. पण मघाशी ती पन्हळ लक्षात ठेवायला सांगितली होती. इतकी शतकं दर पावसाआधी कोणी ना कोणी त्या छपरांवर चढलं असणार, पानं-कचरा काढला असणार, फुटलेलं कौल बदललं असणार. आधी मुसलमान चढले, मग वेठीवर आलेले मुसलमान चढले, मग ख्रिश्चन. त्यांची नावं कुठल्याही शिलालेखात नाहीत. मला विचाराल तर खांब त्यांनी वाचवले. मालकांची यादी तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. या माणसांची यादी मिळत नाही, म्हणून निदान उल्लेख तरी व्हावा, एवढंच.